गौरीचा समुद्र

१९ जानेवारी
माशांची काचेची टाकी आली. चौघांनी धरून आणली, दारातून आडवी शिरत नव्हती. माझी नात गौरी ओरडली, "काका, कोपरा सांभाळा, कोपरा!" दिवाळीत कोट्याचा क्लास सोडून आली तेव्हापासून पोट्टीचा आवाजच ऐकला नव्हता कोणी. मले त्या माणसांले पेढे द्यावेसे वाटले. देले बी. मी समुद्र नाही पाह्यला जन्मात. उमरेडचं तळं पाह्यलं, अंबाझरी पाह्यली. आता समुद्रच घरी येऊन राहिला.
गडबडीत गौरीच्या हातून काचेची बशी फुटली. विनोद घरी आला तर मी म्हटलं, माझ्या हातून. लेक हसला. "आई, तुझ्याच हातून फुटते बा या घरात सगळं."

२३ जानेवारी
मिठाची बादली आली. घरचं मीठ चालत नाही म्हणे. रेती आली, दगड आले. दगडाले 'जिवंत दगड' म्हणते, त्यात बारके जीव राहतात म्हणून. दगडाले शेंदूर लावून देव करतात तेवढं माहीत होतं मले.
विनोदनं टाकीकडं पाह्यलं, गौरीकडं पाह्यलं. "जूनपर्यंत पाहतो. हे नीट सांभाळलंस तर कोट्याचं नाव काढणार नाही. हेबी अर्धवट सोडलं तर बॅग भरायची." गौरी हो म्हणाली. तिची आई भाजी निवडत राहिली.

८ फेब्रुवारी
मासा नाही अजून. नुसतं खारं पाणी गोल फिरून राहिलं. शेजारची कुंदा येऊन म्हणते, "काकू, मले मासे दिसत नाही, चष्मा बदलू काय?" गौरी म्हणे पाणी आधी मुरावं लागते. लोणच्यावानी असंन.

२३ फेब्रुवारी
बर्डीवरच्या दुकानात गेलो दोघी, मासे निवडायले. एक निळा होता, बापा, काय रंग! पैठणीत नाही असा. मी म्हटलं, हाच घे वं. तर म्हणे, "नाही आजी. तो लंबा पोहणारा आहे. आपल्या टाकीत वळला की भिंत. खातोपितो, वरून चांगला दिसतो, आतून आजारी पडते." मी तिच्या तोंडाकडं पाह्यलं. कोट्याची ती खोली मी एकडाव पाह्यली होती. पलंग, टेबल, संपली खोली.
एक पिसाऱ्याचा होता, तो झिंगे गिळते म्हणे. राहू दे बाप्पा त्याले. शेवटी नारंगी पट्ट्यांच्या माशांची जोडी घेतली. दोन लाल झिंगे, पाठीवर पांढरी रेघ, मधून भांग पाडल्यासारखी. गोगलगाई. अन् एक पोवळं. अंगठीतलं नाही, जिवंत, सकाळी फुलावानी उघडते. रिक्षात मी पिशवी मांडीवर धरली, बाळंतिणीचं लेकरू आणावं तशी.

९ मार्च
ऊन तापलं. टाकीवर पंखा लावला तर पाणी आटून राहिलं. पाणी भरायचं काम मले भेटलं! साधं टाकायचं, फिल्टरचं. पाणी उडते, मीठ नाही उडत. वरण आटलं की खारट होते, तसंच. गौरीनं प्लास्टिकचा मग देला. बरं म्हटलं. पण पाहुण्याले कोणी मगानं पाणी देते काय? माझ्या मायचा तांब्याचा गडू आहे, चिंच लावून आरशावानी घासते मी. त्यात रातभर ठेवलेलं पाणी, सगळ्यात शुद्ध. तेच टाकते. झिंगे मिशा हलवत काचेपाशी येतात.

१७ मार्च
गोगलगाय उलटी पडली. गौरी म्हणे, होते कधीकधी.

२१ मार्च
आणखी दोन गोगलगाई. पोवळं उघडलंच नाही, मूठ आवळून बसलं. मी आजकाल दोन डाव पाणी टाकते, तेवढाच थंडावा.
गौरी नळ्यांमधी पाणी घेऊन थेंब टाकते, रंग पाहते, सगळं बरोबर येते म्हणे. मग मरून काहून राहिले?

२४ मार्च
एक झिंगा गेला. पांढरा पडला होता.
गौरीनं दुकानवाल्याले फोन लावला, आवाज मोठा करून. तो म्हणे, "मासे?" "मासे मस्त आहे काका, खाऊन राहिले." "मासे मस्त अन् झिंगे, गोगलगाई मरून राहिले? तांबं गेलं काय बेटा पाण्यात? तार, नाणं, काही? माशांले एवढं काही होत नाही, झिंग्याले जहर आहे." गौरी म्हणे, "नाही काका. टाकीजवळ तांबं येऊच नाही देत मी."
मी ओट्यापाशी होती. हातात गडू.

२६ मार्च
गडू बंद केला. बोलली नाही कोणाले. वाटलं, आता आपोआप सुधरंन.
गौरीनं आज स्वतःच माळ्यावरून बॅग काढली. मी म्हटलं, काहून वं? म्हणे, "माझ्यानं काहीच होत नाही आजी. बाबा बरोबर बोलतात." रडली बी नाही. रडली असती तर बरं.

२७ मार्च
जेवताना सगळ्यांसमोर सांगून टाकलं. "विन्या, पोट्टीची चूक नाही. माझ्या गडूनं मारले."
विनोद हसला. "बशी फुटली तर तू, दूध उतू गेलं तर तू. आता झिंगेबी तूच मारले?"
"खरं सांगून राहिली गा!"
"आई, पुरे. किती पाठीशी घालशील तिले?"
आता काय करावं माणसानं. एवढे डाव खोटं बोलली, कोणी हूं की चूं केलं नाही. गौरी मात्र माझ्याकडं पाहतच राहिली. तिले समजलं. ताट तसंच सोडून उठली.

२९ मार्च
गौरी बोलत नाही माझ्याशी. टाकीतलं पाणी बदलून राहिली, बादलीवर बादली. मी उचलू लागली तर बादली सरकवून घेतली.

३० मार्च, पाडवा
गुढीवर तोच गडू पालथा घातला. दुसरा नाही घरात. पाया पडली पण हात जोडून काय मागावं ते सुचलं नाही.
पाण्यातलं तांबं तपासायची किट दुकानवाल्यानं मुंबईहून मागवली. गौरी विनोदले म्हणाली, "बाबा, किट येऊ द्या. मग बोला." तो म्हणे, पाहू. बॅग पलंगावरच आहे, रिकामी, चेन उघडी.
सांजच्याले विनोदनं गुढी उतरवली. गडूत आतून बोट फिरवलं, बोट उजेडात धरून पाह्यलं, हिरवट झालं होतं. माझ्याकडं नाही पाह्यलं.
उरलेला झिंगा दगडामांगं आहे. मिशा तेवढ्या दिसतात, हलतात का पाण्यानं हलतात ते कळत नाही.
तेवढ्यात गौरी आली, हातात प्लास्टिकचा मग, काठोकाठ. "आजी, पाणी आटलं."
मी घेतला. विनोद उभाच होता मांगं. टाकलं हळूहळू, थोडं खाली सांडलं.