बंडूचं मुसकं

अहमदी, शुक्रवार दुपार

अहो,

दार वाजतंय आणि मी उघडत नाही. एक हात बंडूच्या गळपट्ट्यात अडकवलेला आहे, दुसऱ्या हाताने हे लिहितेय. अक्षर वाकडं येईल. तुम्ही कधी माझ्या अक्षराला नावं ठेवली नाहीत, आता काय ठेवणार!

तो भुंकत नाही. एकदा दाराकडे बघतो, एकदा माझ्याकडे. तुम्ही शिकवलंत तसं. बाहेर जो कोणी असेल त्याला वाटेल, घरात कोणी नाही. वाटू दे.

उद्या सकाळी बलदियाची, इथल्या नगरपालिकेची, गाडी येणार आहे. भटकी कुत्री उचलते ती. उचललेलं कुत्रं परत आलेलं मी इथे पाहिलेलं नाही. उद्या ती बंडूसाठी येणार आहे, म्हणून आज तुम्हाला लिहायला बसले. तुम्ही हिवाळ्यात गेलात तेव्हापासून एक ओळ लिहिली नव्हती. सगळे म्हणाले, वहिनी, रडून मोकळ्या व्हा. मला रडायचं नव्हतं. आज भांडायचंय. त्यातलं थोडं तुमच्याशीही.

मंगळवारी रूपाला कुत्रा चावला. आपल्या कुसुमची रूपा. हो, तीच कुसुम, तुमच्या हॉस्पिटलातली सिस्टर, तुम्हाला राखी बांधणारी. समोर डॉक्टरांच्या फाटकाशी चावला, पोटरीला. मी खिडकीत शाळेच्या वह्या तपासत होते. बंडू टेबलाखाली, हनुवटी माझ्या पायावर. किंकाळी ऐकून आम्ही दोघं एकदमच उठलो. त्याला 'थांब' म्हटलं, तो थांबला. मी धावले. डॉक्टरांचं फाटक उघडं होतं आणि त्यांची स्नोई, ती पांढरी पॉमेरियन, शेपूट घालून घरात पळत होती.

"आंटी, इट वॉज स्नोई," रूपा म्हणाली. रडत होती, पण स्पष्ट म्हणाली.

संध्याकाळपर्यंत चावणारा कुत्रा बदलला. मालतीबाईंचा, म्हणजे आपला, डॉबरमन चावला. सगळ्या वसाहतीत हेच. मला कोणी काही विचारलं नाही. डॉबरमन एवढा शब्द त्यांना पुरला.

आठवतं, तो घरी आला तो दिवस? तो इंग्रज इंजिनियर देश सोडून निघाला होता आणि अंगणात सामान विकायला मांडलं होतं. तुम्ही फ्रिज बघायला गेलात आणि कुत्रा घेऊन आलात! मी दारात पोळपाट घेऊन उभी. "अहो, फ्रिज?" "तो विकला गेला होता," तुम्ही म्हणालात, "याला कोणी बघतही नव्हतं." त्याचं नाव सीझर होतं. तुम्ही फाटक ओलांडायच्या आत त्याचा बंडू केलात. एवढ्या धिप्पाड, काळ्या, टोकदार कानांच्या जनावराचं नाव बंडू! पाहुणे हसायचे. 'सिट' म्हणायचे, 'बैठो' म्हणायचे. तो ढिम्म. मग तुम्ही हळूच 'बस' म्हणायचात आणि तो बसायचा. "मराठी माध्यमाचा आहे," तुम्ही सांगायचात. हा विनोद तुम्ही किती जणांना ऐकवलात! मला कंटाळा यायचा. आज कोणी ऐकवला तर त्याला जेवायला बसवीन.

आता माझं भांडण.

तुम्ही त्याला मुसकं का घातलंत? रोज संध्याकाळी, उन्हाळा असो की वाळूचं वादळ, चामड्याचं ते मुसकं घालून त्याला बाहेर काढायचात. मी म्हणायचे, तो मांजराला वाट देतो, त्याला कशाला हे? तुम्ही म्हणायचात, "ते तुला माहीत आहे. समोरून येणाऱ्या पोराला माहीत नाही. कुत्रा माझा, तर त्याचे दातही माझे." रायगडकडचे इब्राहिमभाई नमाजाला निघाले की लांबूनच ओरडायचे, "दादा, धुतलेले कपडे आहेत हो!" आणि तुम्ही बंडूला घेऊन रस्त्याच्या पलीकडे जायचात. ते मशिदीत शिरेपर्यंत उभे राहायचात. मी तेव्हा चिडायचे. तुमचं बरोबर होतं. अजूनही आहे.

पण लोकांनी काय पाहिलं, सांगू? मुसकं पाहिलं. ज्याला मुसकं लागतं तो चावत असणार, असं ठरवून टाकलं. स्नोईच्या गळ्यात गुलाबी रिबन होती. त्यामुळे ती चावली तरी खेळत होती.

पेपरवाल्याचा पायजमा तिने फाडला तेव्हा तुम्ही काय केलंत? हसलात! इब्राहिमभाईंच्या अंगठ्यातून रक्त काढलं तेव्हा? "लोकरीचा गुंडा चावला" म्हणालात आणि पुन्हा हसलात. एकदाही रस्ता ओलांडून डॉक्टरांना म्हणाला नाहीत की साहेब, कुत्री बांधा. आपल्या कुत्र्याच्या दातांचं एवढं ओझं वाहिलंत, दुसऱ्याच्या कुत्र्याचे दात दिसलेच नाहीत का तुम्हाला? दिसले होते. पण डॉक्टर तुमचे वरिष्ठ. मला ते समजतं. माफ करायचं की नाही, ते अजून ठरलेलं नाही.

काल मी गेले त्यांच्याकडे. तुम्ही गेल्यावर पहिल्यांदाच त्या घरात पाऊल टाकलं. डॉक्टरीणबाईंनी सरबत दिलं. स्नोई त्यांच्या मांडीवर होती.

"मालतीबाई, तुम्ही एकट्या," त्या म्हणाल्या. "भाऊजी होते तोवर ठीक. आता हा राक्षस तुम्हाला आवरायचा का? आणि ही जातच तशी हो. रक्तातच असतं."

हे वाक्य तुम्ही लहानपणी गावात ऐकलं होतंत. कुत्र्याबद्दल नाही. लग्नानंतर एकदाच मला सांगितलंत, पुन्हा कधी विषय काढला नाहीत. त्या इंग्रजाच्या अंगणात ज्याच्याकडे कोणी बघत नव्हतं त्यालाच तुम्ही उचललंत, त्याचं कारण मला काल त्या सोफ्यावर बसल्यावर कळलं. सरबत तसंच ठेवलं.

मी डॉक्टरांना म्हटलं, "बंडू त्या वेळी माझ्या पायाशी होता."

"तुम्ही असंच म्हणणार. साहजिक आहे."

"बरं, बंडूच चावला म्हणा. चावणाऱ्या कुत्र्याला दहा दिवस बांधून बघतात ना? मारून टाकलात तर बघणार काय? आमचे हे लॅबमधून येऊन रोज हेच सांगायचे."

"त्यापेक्षा मुलीला इंजेक्शनं सुरू केलेली बरी. उद्याची सुट्टी जाऊ दे, शनिवारपासून देऊ."

"पोटात?"

"मग कुठे?"

"आणि ही?" मी स्नोईकडे बोट केलं. "हिला दहा दिवस बांधून बघायला काय लागतं? ठणठणीत राहिली तर पोरीचं पोट तरी वाचेल."

डॉक्टरीणबाईंनी स्नोईला पदराखाली घेतलं. "अगंबाई! ही माशीला घाबरते."

डॉक्टर उठले. ते काही वाईट गृहस्थ नाहीत, तुम्हाला माहीत आहे. तुमच्या छातीत दुखलं तेव्हा चपला न घालता धावत आले होते. मी ते विसरलेले नाही. पण काल ते घड्याळ बघत मला म्हणाले, "बलदियाला कळवलंय. विषय वाढवू नका." आणि दार उघडून उभे राहिले.

थांबा. पुन्हा दार वाजतंय. आता आवाजही येतोय. "वहिनी, मी आहे. कुसुम."

*

ती गेली. मी पुढचं लिहितेय. हात मोकळे आहेत, अक्षर सुधारलं असेल.

कुसुम ड्यूटीवर जाता जाता आली होती. आत आल्याबरोबर बंडूने तिच्या हाताखाली डोकं घातलं. "गप रे बंड्या, आज लाड नकोत," ती म्हणाली, आणि हात मात्र काढला नाही.

"वहिनी, वफ्र्याला आमच्या गावचा एक जण शेतावर आहे. टोमॅटो घेऊन टेम्पोने येतो. संध्याकाळी परत जाताना बंडूला घेऊन जाईल. उद्या गाडी येईल तेव्हा कुत्रा नाही. विषय संपला."

"आणि सगळे म्हणतील, चावला म्हणून पळवला."

"म्हणू देत ना! जिवंत तर राहील."

"आणि रूपा?"

मी चहा ठेवला.

"वहिनी, मे महिन्यात माझा करार संपतो. पुढच्या कागदावर सही डॉक्टरांची. घर माझ्या एकटीच्या नोकरीवर उभं आहे. मी कुणाचं नाव घेऊ?"

"मी तुला नाव घ्यायला सांगत नाही. एवढंच विचारते. रूपा काय म्हणते?"

कुसुम बंडूचा कान चोळत राहिली. "मी तिला म्हटलं, बाळा, तू घाबरली होतीस, तुला नीट दिसलं नसेल."

"मग?"

"म्हणाली, ममा, आय वॉज लुकिंग."

चहा उकळून वर आला. मी गॅस बंद केला.

"दहा दिवस, कुसुम. त्या कुत्रीला दहा दिवस बांधायचं. तेवढ्यासाठी तू पोरीच्या पोटात सुया..."

"मला नर्सिंग शिकवू नका, वहिनी!" ती ओरडली. बंडू दचकून मागे सरला. मोठा माणूस ओरडला की तो अजून दचकतो. पहिल्या घरी काय काय झालं असेल त्याचं, आपल्याला कधी कळलं नाही. कुसुमने त्याच्याकडे पाहिलं. मग पर्स उचलली.

"टेम्पो पाच वाजता निघतो. नाक्यावर थांबेल," ती म्हणाली. चहा तसाच राहिला.

आता सव्वापाच झालेत. टेम्पो गेला असेल. बंडू इथेच आहे.

मी चुकतेय का? तुम्ही असतात तर त्याला वफ्र्याला पाठवलं असतंत का? कदाचित पाठवलं असतंत. तुम्ही रस्ता ओलांडून पलीकडे उभे राहणारे. मी नाही राहणार. ज्याने काही केलं नाही त्याला लपवून ठेवायचं, आणि जिने केलं तिला मांडीवर घेऊन बसायचं! हे मला जमणार नाही, अहो. हॉस्पिटलच्या या घरात मी आणखी किती दिवस आहे मला माहीत नाही. पण आहे तोवर बंडू या फाटकातून पट्टा लावून, माझ्या हाताने, दिवसाउजेडी बाहेर पडेल.

तुमचा नियम मी मोडणार नाही. उद्या गाडी येईल तेव्हा मी फाटकात उभी असेन. बंडू माझ्या डाव्या बाजूला, 'बस' म्हटल्यावर बसलेला, तोंडाला मुसकं. त्याला न्यायचं असेल तर पट्टा माझ्या हातातून ओढून घ्यावा लागेल. मला येतं तेवढ्या मोडक्या अरबीत मी सांगेन की हा नव्हे. मग रस्ता ओलांडेन. तुम्ही कधी ओलांडला नाहीत तो. ज्याचा कुत्रा, त्याचे दात. तुमचं हे वाक्य इतकी वर्षं आपल्याच घराला लागू होतं. उद्यापासून समोरच्या घरालाही लागू. डॉक्टरांच्या दारात म्हणेन, हळदीकुंकवाला म्हणेन, बोलावलं नाही तर रस्त्यात उभी राहून म्हणेन. हे वचन समजा.

अजून भांडण न मिटलेली,
तुमची मालती

ता. क. शनिवार. गाडी सकाळी आली. तिच्या आधी कुसुम येऊन फाटकाशी उभी होती, युनिफॉर्ममध्ये, रूपाचा हात धरून. गाडीवाल्याशी तीच बोलली. बंडूकडे बोट करून नाही म्हणाली, मग डॉक्टरांच्या घराकडे बोट केलं. डॉक्टर बाहेर आले. रूपाने पोटरीवरची पट्टी दाखवली आणि त्यांनाही स्नोईचंच नाव सांगितलं. गाडी रिकामी परत गेली. स्नोईला त्यांच्या मागच्या अंगणात दोरीने बांधलंय, इंजेक्शनं थांबवलीत. कुसुमच्या कराराचं काय होईल ते मे महिन्यात कळेल. ती ड्यूटीवर गेली. मी बंडूला नेहमीच्या रस्त्याने फिरवून आणलं. मुसकं घातलं होतं.