दोनदा उकळलेल्या शिंपल्या

प्रिय धैर्यशील,

क्लास चालू असताना तू फोन उचलत नाहीस आणि क्लास सुटल्यावर तुझं डोकं दुखतं, म्हणून लिहिते आहे. पत्रात मला मधेच तोडता येणार नाही तुला. मी रागावले आहे, ते आधीच सांगते.

आपल्या तळ्यावर शिवरात्रीपासून शेवाळाची हिरवी साय धरली आहे. उसातलं खत आणि गावाचं सांडपाणी, दुसरं काय. हंबीररावांचं रेडकू त्या काठाला पाणी प्यालं आणि संध्याकाळी गेलं. तेव्हाच आईनं तुला फोन करून विचारलं, शिंपल्या खाव्यात का म्हणून. तू एका वाक्यात निकाल दिलास. उकळून खा, उकळलं की सगळं मरतं. कोल्हापुरात राजारामपुरीत विज्ञानाचे सर म्हणून क्लासच्या पाटीवर तुझा फोटो आहे, त्यामुळे इथे तुझा शब्द शेवटचा. दुसऱ्या दिवशी निम्म्या गल्लीतल्या बायका टोपल्या घेऊन तळ्यात उतरल्या.

आईची रीत तुला ठाऊक आहे. शिंपल्या रात्रभर स्वच्छ पाण्यात ठेवायच्या, तोंडं उघडून त्यांनी वाळू टाकली की झाल्या चोख. या वेळी तुझ्या शब्दाखातर तिनं त्या दोनदा उकळल्या आणि रस्सासुद्धा वाया जाऊ दिला नाही. आठवड्याच्या आत डोळे पिवळे. कोल्हापूरला नेलं, तर डॉक्टर म्हणाले की शिंपली दिवसभर पाणी गाळून जगते, त्या शेवाळाचं विष तिच्या मांसात साठतं. शेवाळ उकळून मरतं, विष जात नाही. लिव्हरला सूज आहे. बाकावर बसून ऐकताना माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. तुला माहीत नव्हतं, तर माहीत नाही म्हणायचं होतंस. पण लहानपणीही मी कमरेएवढ्या पाण्यात पायानं शिंपल्या चाचपायची आणि तू कोरड्या काठावर बसून मोठी कुठे असेल ते मला सांगायचास. तेव्हा हसायला यायचं.

दवाखान्यात आईनं तुझं नाव निघू दिलं नाही. शिळी भाकरी बाधली म्हणाली, शिंपल्यांचं मी सांगितलं. शेजारची चिमणाबाई भेटायला आली, तर तिला म्हणते, "माझ्या पोराचं चुकायचं न्हाय, म्याच कमी उकळलं असंल." चिमणाबाईनं घरी जाऊन तीनदा उकळल्या.

आईला घरी आणलं आहे. काल औषधं घेऊन आले, तर मोरीत पातेलं झाकलेलं, वर ताट, ताटावर दगड. आत शिंपल्या तोंडं उघडून बसलेल्या. रविवारी धैर्यशील येणार, त्याला आवडतात, चांगल्या तीन उकळ्या देते, म्हणाली. मी घरामागं परड्यात खड्डा काढून त्या पुरल्या. तेव्हापासून ती माझ्याशी बोलत नाही. नाही तर नाही. तू रविवारी ये, चपला काढल्या की आधी तिच्यासमोर बस आणि चुकलो म्हण. मग चिमणाबाईच्या दारात जाऊन तेच म्हण. माझं आई ऐकत नाही, धैर्यशील. तुझं ऐकते, आणि जीव जाईपर्यंत ऐकेल.

तुझीच,
अनुजाताई