शेवटची तुकडी

पासिर रिस, सिंगापूर, फेब्रुवारी २००५

बाबा, सप्रेम जयभीम.

फोनवर तुम्ही विचारता, "आमची एकता कितवी आली?" आणि मी लाइन खराब असल्याचं सांगते. इथे नवे फ्लॅट झाले, मुलं वाढली, तशा तिच्या शाळेत चौथीच्या तुकड्याही वाढल्या. यंदा त्या मार्कांप्रमाणे पाडल्या. एकता शेवटच्या तुकडीत आहे.

उज्ज्वल म्हणाले, "तिला नागपूरला बाबांकडे ठेवू. ते शिक्षक होते, अभ्यासाला लावतील." मलाही पटलं. तेच विचारायला हे पत्र लिहायला घेतलं होतं.

शनिवारी एकताला सांगितलं. वाटलं, रडेल. ती इथल्या इंग्रजीत म्हणाली, "ओके ला, मम्मी. देअर नोबडी नो आय ॲम लास्ट क्लास." मग हळूच मराठीत विचारलं, "आजोबांना सांगितलंस?"

"नाही."

"मग नको ना सांगू. मला तिथे हुशार राहायचंय."

बाबा, तुम्ही आयुष्यभर मागच्या बाकावरची मुलं पुढे आणून बसवलीत, आणि तुमची नात तुमच्यापासून लपतेय. ते मीच तिला शिकवलं. उज्ज्वलना सांगितलं, ती कुठेही जाणार नाही. तेव्हापासून ते माझ्याशी धड बोलत नाहीत.

आज तिला सोडायला गेले. शाळा भरली तरी गेटपाशी तिने माझा हात सोडला नाही.

हे पत्र मी टाकणार नाही, कारण तुम्हाला न सांगण्याचा शब्द मी तिला दिलाय. सांगायचं तेव्हा तीच सांगेल. तोवर तिला नंबर विचारू नका, बाबा.

तुमची,
अंजू