पहिल्या पावलाचं वर्ष

हुए, व्हिएतनाम
२१ फेब्रुवारी २०१८

ती. सौ. रजनीवहिनीस,
शि. सा. न. वि. वि.

तुझं पार्सल पोचलं. गोडा मसाला फुटला नाही, पण दादाच्या चिठ्ठीला त्याचा असा वास लागलाय की त्याचे उपदेशसुद्धा यंदा चविष्ट लागले.

आता माझा पराक्रम ऐक. दादाला वाचून दाखवू नकोस, तो लगेच माझं तिकीट काढेल. गेल्या शुक्रवारी इथलं नवं वर्ष, तेत, झालं. अकरा वर्षं इथं योग शिकवते आहे, पण तेतच्या सुट्टीत आम्ही दोघं नेमाने कराडला यायचो. हे गेल्यावरही गेल्या वर्षी मी तिकडेच होते. त्यामुळे गल्लीतली तेतची सकाळ मी कधी पाहिलीच नव्हती. यंदा राहिले. आदल्या दिवशी चकल्या नि शंकरपाळे केले, सकाळी सहाला न्हाऊन ताट भरलं, वर विणलेला रुमाल टाकला आणि दिवाळीत फराळ न्यावा तशी समोरच्या तुयेतताईंकडे गेले. दार उघडंच होतं. मी सरळ आत.

त्यांच्या नवऱ्याचा उदबत्ती धरलेला हात जागच्या जागी थांबला. सासूबाई मटकन खाली बसल्या. तुयेतताईंनी ताट दोन्ही हातांनी घेतलं, आभार मानले, पण बस म्हणाल्या नाहीत. एरवी त्या मला उभ्याने जाऊ देत नाहीत.

दुपारी माझ्या वर्गातल्या एका मुलीने फोनवर उलगडा केला आणि वर मनसोक्त हसली. वर्षाच्या पहिल्या दिवशी घरात जो पहिलं पाऊल टाकतो, त्याच्यासारखं त्या घराचं वर्ष जातं म्हणे. म्हणून माणूस आधीपासून निवडून, आमंत्रण देऊन ठेवतात. तुयेतताईंनी टाइल्सच्या दुकानवाल्या दिरांना सात वाजता बोलावलं होतं. आणि ज्याच्या घरी सुतक चालू आहे, त्याने तर त्या दिवशी कुणाची पायरीच चढायची नसते. इथं ते दोन वर्षांहून जास्त चालतं. ह्यांना जाऊन सोळा महिनेच झालेत.

बावीस वर्षं फुटपाथवर बीफचा रस्सा आणि शेवया विकून तुयेतताई पुढच्या महिन्यात स्वतःची खाणावळ उघडताहेत. नेमक्या ह्याच वर्षी! तुझ्या हळदीकुंकवाला कुणी न सांगता माडीवर जाऊन बसणारी मी, आणि इथं भलत्याच घरात पहिली शिरले. वहिनी, मला फार वाईट वाटतंय.

तुझा लोभ आहे तसाच राहू दे, चकल्या बिघडल्या तरी. (बिघडल्या नव्हत्या.)

तुझी
कुमुद


कराड
१८ मार्च २०१८

गं. भा. कुमुदवन्सं यांस,
स. न. वि. वि.

पत्र मी वाचून दाखवलं नाही, ह्यांनीच माझ्या आधी फोडलं. हसून हसून ठसका लागला, आणि पाणी पिऊन झाल्यावर म्हणाले, की कुमीला सांग, आता पुरे, ये परत. वन्सं, लहानपणी लोकांच्या लग्नात शिरून जेवून आलात ती गोष्टही त्यांनी मला पुन्हा सांगितली. म्हणजे बोलावण्याआधी पोचायची तुमची सवय जुनीच म्हणायची.

पण मला काळजी वाटते. त्या बाईंची खाणावळ चालली नाही, तर खापर तुमच्याच डोक्यावर फुटणार. परक्या मुलखात एकट्या बाईने शेजाऱ्यांचा रोष का ओढवून घ्यावा? माडीवरची खोली तुमचीच आहे. पूर्वेची खिडकी आहे, तिथं काय हवी ती आसनं करा. मी बघायलासुद्धा येणार नाही.

आमच्यावर माया असू द्या आणि पत्राला उशीर नको.

तुमची
रजनीवहिनी


हुए
२० डिसेंबर २०१८

ती. सौ. वहिनीस,
शि. सा. न. वि. वि.

ह्या पत्राला उशीर झाला, कारण पाऊस. पण आधी खाणावळीचं सांगते. पहिला महिना तिथं माश्याच येत होत्या. तुयेतताई एका शब्दाने बोलल्या नाहीत, सासूबाई मात्र माझ्याकडे बघून मोठ्याने उसासा टाकत. मी माझा सकाळचा अख्खा वर्ग तिकडे न्यायला लागले. प्राणायाम करून बारा बायका रस्सा ओरपायला! मी शाकाहारी म्हणून बाजूला चहा पीत बसायची. मग तुयेतताईंनी पौर्णिमा-अमावस्येला माझ्यासाठी अळंब्यांचा रस्सा ठेवायला सुरुवात केली. इथं त्या दिवशी बरेच जण मांस खात नाहीत, तेव्हा तोही खपतो. आता बरं चाललंय. फार छान नाही, बरं.

ऑक्टोबरात ह्यांचं दुसरं वर्षश्राद्ध झालं. तुयेतताई न बोलावता फळं आणि उदबत्त्या घेऊन आल्या. ह्यांच्या फोटोपुढे उभं राहून बोटांवर काहीतरी मोजलं आणि गेल्या.

आणि मागच्या आठवड्यात गल्लीत मांडीएवढं पाणी. त्यांची भांडी, शेगडी, सासूबाई, सगळं माझ्या वरच्या मजल्यावर आलं. तीन दिवस माझ्या स्वयंपाकघरात बीफची हाडं उकळत होती, वहिनी! मी देवांचं तोंड भिंतीकडे करून ठेवलं आणि कोथिंबीर निवडून दिली. सासूबाई माझ्या पलंगावर झोपल्या आणि गादी फार मऊ आहे म्हणून मलाच रागावल्या. दीर मात्र टाइल्स भिजतील म्हणून फिरकले नाहीत. पाणी ओसरल्यावर बघितलं, तर खाणावळीची नवी टेबलं फुगून गेली होती. तुयेतताई पहिल्यांदाच माझ्यासमोर रडल्या. पाऊल माझंच होतं ना.

माझ्या घराचा करार फेब्रुवारीअखेर संपतो. दादाला सांग, मी ठरवलंय. ह्या तेतला तुयेतताईंनी माझ्याकडे पाठ फिरवली, तर बॅगा भरते आणि तुझ्या माडीवर येते. मला इथून जायचं नाही, हेही तुला खरं सांगते.

माझ्यावर राग नको, प्रेम राहू दे.

तुझी
कुमुद


हुए
८ फेब्रुवारी २०१९

ती. सौ. वहिनीस,
शि. सा. न. वि. वि.

तेतच्या दहा दिवस आधी तुयेतताई दारात उभ्या. हातात जांभळं कापड. इथल्या बायका अंगभर लांब झगा घालतात, तसा झगा त्यांनी माझ्या मापाने शिवून आणला होता. माप कुठून घेतलं म्हणून विचारलं, तर म्हणाल्या, की पुरात तुझ्या दोरीवर कपडे वाळत होते ते काय मी बघितले नाहीत? आणि सगळे मेले पांढरे नि राखाडी!

मग त्यांनी मला खुर्चीवर बसवलं आणि बोटं मोजून दाखवली. सत्तावीस महिने पुरे झाले, म्हणाल्या. सुतक संपलं. नवऱ्यासाठी रडायचं तेवढं रडलीस, आता त्यालाही पुढे जाऊ दे आणि तूही रंग घाल. पहिल्या दिवशी सकाळी सातला आमच्याकडे ये. सगळ्यांच्या आधी. हे आमंत्रण आहे, नाहीतर पुन्हा सहाला येशील.

मी म्हटलं, ताई, माझ्या पावलाने तुमची टेबलं फुगली, दिरांना बोलवा. त्यावर त्या चिडल्याच. दिराचं पाऊल भाग्याचं, पण ते वर्षातून एकदा पडतं, म्हणाल्या. तू चुकून आलीस ती रोज आलीस. वर्ष जायचं तसं गेलं, पण मी त्यात एकटी नव्हते. आणि सासूबाईंनीच तुझं नाव सुचवलंय, तेव्हा नखरे करू नकोस.

मंगळवारी सातला गेले. जांभळ्या झग्यात. शंकरपाळ्यांचं ताट घेऊन. ह्या वेळी उंबऱ्यापाशी सगळं घर मला घ्यायला उभं होतं. वहिनी, मला इतका आनंद कितीतरी दिवसांत झाला नव्हता. सुखदुःख सगळीकडे सारखंच गं, पण दुःख कधी संपतं हे मला कुणी सांगितलंच नव्हतं.

करार दोन वर्षांनी वाढवला. दादाला हळू सांग.

तुझ्या मायेची धनीण,
कुमुद


कराड
३ मार्च २०१९

प्रिय कुमुदवन्सं,
स. न. वि. वि.

मायन्यातलं गंगाभागीरथी यंदा गाळलंय. चुकून नव्हे.

पत्रातलं ह्यांना हळू सांगायची वेळच आली नाही, मी वाचता वाचता रडायला लागले तेव्हा ह्यांनी हातातून काढून घेतलं. वाचून झाल्यावर पत्राची नीट घडी घातली. मग म्हणाले, की आपण कुणी महिने मोजलेच नाहीत.

वन्सं, एक गोष्ट दोन वर्षं माझ्या मनात आहे. त्या हळदीकुंकवाला तुम्ही माडीवर गेलात, तेव्हा मी वाण घेऊन तुमच्यामागे जिना चढले होते. तिसऱ्या पायरीवर थांबले. खाली बायका बसल्यात, काय म्हणतील, असं मनात आलं आणि परत फिरले. तुम्हाला वर पायरी वाजलेली ऐकू आली असेल. मला माफ करा.

पुढच्या संक्रांतीला या. आमच्याकडे बायका पाचला येतात, तुम्ही साडेचारला या, सगळ्यांच्या आधी, तो जांभळा झगा घालून. पहिलं कुंकू तुम्हाला लावणार आहे. हे आमंत्रण आहे.

माडीवरच्या खोलीत मी पापड वाळत घातलेत, तिथं बसायला जागा नाही. आणि परतीचं तिकीट आधीच काढून ठेवा, तेतला सकाळी सातला तुम्हाला तिकडे पोचायचंय.

तुमच्या मायेत मला थोडी जागा असू द्या.

तुमची
रजनी