चौथ्या मजल्याचे वीस रुपये

बदलापूर, मंगळवार संध्याकाळ

वीस रुपये कमी होते का? पन्नास द्यायला हवे होते? किराणा घेऊन आलेला माणूस माझ्याच वयाचा, पन्नाशी उलटलेला. दहा किलो तांदूळ दारात ठेवून धापा टाकत होता. मी वीसची नोट पुढे केली. त्याने हात मागे घेतला.

"राहू द्या साहेब. लिफ्टच्या लाइटबिलात टाका."

"लिफ्ट चालू आहे की."

"तुमच्यासाठी. डिलिव्हरीवाल्यांनी जिना वापरावा, अशी खाली नोटीस आहे. सेक्रेटरीची सही आहे. ओळखता का त्यांना?"

"नाही," मी म्हणालो.

त्याने दारावरचं माझं नाव वाचलं. "बरं," म्हणाला आणि जिना उतरू लागला.

उद्धट माणूस. पाणीसुद्धा घेतलं नाही. खरं तर मी विचारलंच नव्हतं.

ॲपवर त्याला एक तारा देणार होतो. नाही दिला. पन्नास दिले असते, तरी नाव त्याने वाचलंच असतं.

जेवण झाल्यावर नोटीस काढायला खाली गेलो. तिथे शेजारचे उभे होते. "छान शिस्त लावलीत हो," म्हणाले. मी हसलो आणि तसाच वर आलो. लिफ्टने.