अळूचं घर आणि लोकरी टोपीतली बाई

तीर्थस्वरूप सौ. सुनेत्राताईस,

अबुधाबीहून धाकट्या निनादचा कोपरापासून नमस्कार. (साष्टांग घातला असता, पण मागच्या अंगणात तेवढी मोकळी जागा आता उरलेली नाही. का, ते पुढे येतंय.) दाजींचा गुडघा कसा आहे? आईचा खोकला थांबला का? आम्ही सगळे खुशाल आहोत, म्हणजे माणसं खुशाल आहोत. झाडांचं काही विचारू नकोस. या जमान्यात पत्र कसलं लिहितोय, असं तुला वाटेल. पण तुझ्या मोबाइलवरचे मेसेज तुझ्याआधी आई वाचते आणि वर तुझ्या नावानं अंगठेही पाठवते, हे मला ठाऊक आहे. आमच्या ऑफिसातला विष्णू कदम साताऱ्याला सुट्टीवर निघालाय, म्हणून त्याच्या हाती हे बंद पाकीट.

मूळ दुखणं तुला माहीतच आहे. बाबा गेल्यापासून मी आईला इकडे ये, इकडे ये म्हणून आळवतोय आणि तिचं एकच पालुपद: तिथं माती नाही, झाड नाही, हाताला काम नाही, मी काय दिवसभर तुमच्या फरश्या मोजू? शेवटी मार्चमध्ये मी तिला फुलांच्या ताटव्याचा एक झकास फोटो पाठवला आणि खाली लिहिलं, ‘आपली बाग’. ताई, तो ताटवा आमच्या घराजवळच्या सर्कलमधला आहे, म्युनिसिपालिटीचा. (आपली म्हणजे सर्वांची, असं धरलं तर खोटं नाही. तुझ्या भावजयीला, अर्चनाला, हे पटत नाही.) आई विरघळली. म्हणाली, फुलं पुरेत, आता अळू लाव. दिवाळीनंतर येते आणि तुझ्याच पानांच्या वड्या करते. बाबा गेल्यावर तिनं आपणहून काहीतरी करते म्हटल्याचं मी पहिल्यांदाच ऐकलं. खरं सांगतो, ऑफिसच्या लिफ्टमध्ये मला रडू आलं. त्याच दिवशी तिकीट काढून टाकलं.

आता इथल्या उन्हात अळू उघड्यावर कसा टिकणार? त्याला घर हवं, म्हणजे ग्रीनहाऊस हवं, हे मी ठरवलं. आणि मी पडलो कंपनीच्या परचेस खात्यातला माणूस. तीन कोटेशनं आल्याशिवाय मला शिंकसुद्धा येत नाही. काचेचं ग्रीनहाऊस चौदा हजार दिरहम, म्हणजे आपले सव्वातीन लाख! (अर्चना म्हणाली, एवढ्यात अळूला साताऱ्यात फ्लॅटचं डिपॉझिट भरता येईल.) दुसरं जाड प्लास्टिकच्या पत्र्यांचं, त्याला काँक्रीटचा पाया लागणार आणि आमचा घरमालक भिंतीला खिळा ठोकू देत नाही. मग नर्सरीत गेलो. तिथला अर्सलान म्हणाला, “सर, यहाँ ग्रीनहाऊस नहीं, हरी जाली लगाओ. सस्ता पड़ेगा.” आता तूच सांग, ज्या दुकानदाराला आपलीच स्वस्त वस्तू खपवायची घाई, त्याच्या मनात काहीतरी काळंबेरं असणार की नाही? मी त्याला इन्शाल्ला म्हटलं आणि सटकलो. घरी येऊन ऑनलाइन सर्वांत स्वस्त प्लास्टिकचं ग्रीनहाऊस मागवलं, दोनशे एकोणऐंशी दिरहम, साधारण साडेसहा हजार. मिहिका मोबाइलमधून मान वर न काढता म्हणाली, “बाबा, वी ऑलरेडी लिव्ह इन वन.” मी तिला मराठीत बोल म्हणून दटावलं. दटावण्याच्या नादात ती काय बोलली, ते डोक्यात शिरलंच नाही.

खोक्यावर एक हसरी बाई होती, हातात टोमॅटो, डोक्यावर लोकरीची टोपी, गळ्यात मफलर. अर्चनानं विचारलं, या बाईला एवढी थंडी कशानं वाजतेय? मी म्हटलं, मॉडेल आहे, फॅशन असते. अगं ताई, मागे बर्फ पडलेला होता बर्फ! पण तीन कोटेशनं तपासलेल्या माणसाला बर्फ दिसत नाही. शुक्रवारी रात्रभर घाम गाळून तो तंबू उभा केला (दोन नळ्या उरल्या, त्या कुठल्या ते अजून कळलेलं नाही). स्वयंपाकघराच्या खिडकीत वाढवलेला तीन पानांचा अळू शनिवारी सकाळी आत नेला, नारळ फोडला, मिहिकानं व्हिडिओ काढला. दुपारी तंबूची चेन उघडली तर आतून असा भपका आला की चष्म्यावर वाफ धरली. अळूचं उभ्याउभ्या फदफदं झालं होतं. चिंच-गूळ आणि भिजवलेली डाळ तेवढी घालायची बाकी. धीर धरून दुसरा अळू ठेवला आणि सोबतीला टेबलफॅन लावला. अळू खलास, आणि फॅनच्या पात्यांनीही मान टाकली. तिसऱ्या अळूसाठी आत एसी बसवावा का, असं मी नुसतं विचारलं, तर अर्चना म्हणाली, “आधी हॉलच्या एसीत गॅस भरा, मग अळूचं बघू.” तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला की हे घर थंडीनं कुडकुडणाऱ्या देशात ऊन साठवायला केलेलं आहे, आणि मी त्यात अबुधाबीचं ऊन साठवतोय.

तर ताई, विनंती अशी की काहीतरी निमित्त काढून आईला फेब्रुवारीपर्यंत थोपव. दाजींचा गुडघा नेमका दिवाळीनंतर जास्त दुखला तर किती सोयीचं होईल! तोवर मी अर्सलानकडून हिरवी जाळी आणतो (त्याच्यासमोर कुठल्या तोंडानं जाऊ, ते बघतो). आई आली, बाग नाही, अळू नाही, नुसत्या फरश्या, तर आठ दिवसांत परत जाईल आणि पुन्हा कधी यायची नाही. मला याचीच धास्ती आहे.

दाजींना नमस्कार, मुलांना आशीर्वाद.

तुझा,
निनाद

ता. क. पाकीट चिकटवायच्या आतच आईचा फोन आला. अर्चनानं परवा त्या तंबूत ओल्या लाल मिरच्या पसरल्या होत्या, त्या संध्याकाळपर्यंत कडकडीत वाळल्या. आमच्या कार्टीनं व्हिडिओ कॉलवर आजीला तंबू, मिरच्या आणि अळूचं प्रेत, सगळं फिरवून दाखवलं. (“आजी, इट्स लिटरली अ‍ॅन अव्हन!”) आई म्हणाली, “मेल्या, ज्यात अळू वाळला त्यात कुरडया वाळणार नाहीत होय? ना कावळा, ना धूळ, ना वळवाचा पाऊस! तंबूला हात लावशील तर बघ.” तेव्हा दाजींच्या गुडघ्याला म्हणावं, बरा हो. आईच्या बॅगेत सोऱ्या ठेव, मोठ्या भोकांची चकतीसुद्धा. वर्षाचं वाळवण इथंच घालून मग परतेन, असं तिचं म्हणणं आहे.

ता. क. २. उरलेल्या दोन नळ्या कुठल्या, ते आज वारा सुटल्यावर कळलं. तंबू शेजारच्यांच्या गाडीवरून परत आणलाय. हे आईला सांगू नकोस.

ता. क. ३. आत्ता लक्षात आलं. विष्णू येईल तेव्हा तू बँकेत कामावर असणार आणि दार आई उघडणार. तेव्हा आई, हे पाकीट तूच फोडलं असशील तर चष्मा पुसून नीट वाच. फुलं म्युनिसिपालिटीची होती, बोलावणं माझं होतं. दिवाळीची वाट बघू नकोस, तिकीट अलीकडचं करतो. ये.