पाठ झालेली परीक्षा

२ जून
नगरपालिकेचे साहेब आज बायकांच्या अक्षरवर्गात आले. म्हणाले, आता वाचायला शिकण्याचे धडे मोबाइलवर फुकट मिळतात, बायका घरी बसून शिकतील. महिनाभराने परीक्षाही मोबाइलवरच. सगळ्या पास झाल्या की वर्ग बंद, खोली दुसऱ्या कामाला. "तुम्हालाही आराम, बाई." मी आराम मागितला होता का?

धडे चांगले आहेत, खोटं कशाला बोलू. मीही तसल्याच धड्यांवर शिकले. हे होते तोवर गोळ्यांच्या पाकिटापासून लेकीच्या पत्रापर्यंत सगळं हेच वाचून दाखवायचे. हे गेले आणि घरातला कागदन् कागद मुका झाला. मग पन्नाशीत ओट्याशी उभी राहून मोबाइलमधल्या बाईमागून अक्षरं म्हटली. दोन वर्षं लागली. शेजारी कुणी बसलं असतं तर सहा महिन्यांत झालं असतं. म्हणून हा वर्ग. सोडणार नाही.

५ जून
सराव परीक्षेत सहाही जणींना पैकीच्या पैकी! इस्त्रीवालीला तर चष्म्याशिवाय. म्हटलं, अगं, तुला दिसलं तरी का?
"दिसायचं कशाला? पहिल्याला वरचं दाबायचं, दुसऱ्याला खालचं, मग दोनदा मधलं. पाठ आहे मला."
बाकीच्या हसल्या. म्हणजे सगळ्यांनाच पाठ. फळ्यावर 'नळ' लिहिलं. एकीलाही वाचता आलं नाही.

६ जून
साहेबांना सांगितलं — प्रश्न दर वेळी त्याच क्रमाने येतात, बायका वाचत नाहीत, जागा पाठ करतात.
"निकाल शंभर टक्के लागतोय, तर तुमच्या का पोटात दुखतंय? खोली सोडवत नाही, असंच ना?"
खोलीच हवी असती तर बायकांना मुद्दाम नापास व्हायला सांगितलं नसतं का?

९ जून
धड्यांच्या पानावर अगदी तळाला शिकवणाऱ्यांच्या सूचनांसाठी चौकट आहे. चार ओळी लिहायला अख्खी सकाळ गेली. पाठवल्या.

१२ जून
ह्यांना जाऊन चार वर्षं. चहा दोन कप टाकला गेला. दोन्ही मीच प्यायले.

१७ जून
धडेवाल्यांचं उत्तर आलं. 'ताई, तुमचं बरोबर आहे. आता प्रश्नांचा आणि उत्तरांचा क्रम दर वेळी बदलेल.'
लपवायचं कशाला? वर्गात सांगून टाकलं. इस्त्रीवाली उखडली. "आमच्या पायावर धोंडा पाडलात, मास्तरीणबाई. पास झाल्याचा कागद मिळाला असता तर दवाखान्याच्या धुलाईत लागले असते मी."
म्हटलं, तिथे गठ्ठ्यांवर चिठ्ठ्या असतात. त्यांना वरचं दाबणार की खालचं?
उठून गेली नाही. चष्मा लावला.

३० जून
इस्त्रीवाली रोज येते. माझ्याशी कामापुरतं बोलते. चालेल.

४ जुलै
परीक्षा झाली. दोघी पास, चौघी नापास. इस्त्रीवाली नापासात.
साहेब म्हणाले, "हा तुमच्या वर्गाचा निकाल. असा वर्ग काय कामाचा?"
म्हणजे पास झाल्या तर वर्गाची गरज नाही, आणि नापास झाल्या तर वर्गाचा उपयोग नाही. बरं आहे.
म्हटलं, साहेब, उद्या चारला वर्ग आहे.
"खोली मिळायची नाही."
उद्या चारला वर्ग आहे, मी पुन्हा म्हटलं.

५ जुलै
खोलीला कुलूप. दारावर कागद — 'खोली बंद आहे.' पुढे बघवेना. वळले, म्हटलं, चला ग, जिन्यावर बसू.
इस्त्रीवाली हलेना. कागदावर बोट ठेवून एकेक अक्षर लावत राहिली. मी जिन्याशी थांबले. बऱ्याच वेळाने म्हणाली, "मास्तरीणबाई, खाली अजून लिहिलंय. चावी शिपायाकडून घ्यावी."
आणि आणायला गेली.